हलका डबा

साइमीने कुऱ्हाड लोकरी शालीखाली दडवली आणि पातं बाहेर दिसत नाही ना, ते एकदा मान खाली घालून पाहिलं. मग ती अंगणातल्या भुसभुशीत बर्फावरून चालू लागली. स्वयंपाकघरातल्या दोन मोठ्या सुऱ्या तिने सकाळीच पिठाच्या पिंपात खोल खुपसून ठेवल्या होत्या. राय धान्याची भाकरी कापायची लहान सुरी तेवढी टेबलावर ठेवली होती. तीही नाहीशी झाली असती, तर नवऱ्याने, तावेत्तीने, विचारलं असतं.

तेरा वर्षांनी हे काम करताना तिचे हात कुठेच अडखळत नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती. आधी सुऱ्या, मग कुऱ्हाड, मग मागच्या खिडकीची खिट्टी सैल करून ठेवायची, म्हणजे वेळ आली तर बाहेर उडी मारता येते. सगळं जसंच्या तसं लक्षात होतं.

"कुऱ्हाड घेऊन कुठं निघालीस? हवा खायला?"

साइमी जागच्या जागी थिजली. कुंपणापाशी हुल्दाबाई उभी होती. हुल्दाबाई म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या जुन्या वाटाड्याची विधवा आणि लेप्पासारी बेटावरच्या दारूबंदी मंडळाची चिटणीस. अंगाने आडवी, गालांनी लाल, आणि नजर अशी की शालीखालचंच काय, मनातलंही दिसावं.

"लाकडं फोडायचीत," साइमी म्हणाली.

"लाकडं त्या बाजूला आहेत." हुल्दाबाईने कुंपणावर कोपरं टेकली. "लपव बाई, लपव. मी काही बोलत नाही. उद्या वीस जण निघणारेत गोठलेल्या समुद्रावरून, शहरात. वीस! रविवारी प्रार्थनेला बोलावलं, तर ह्यांचे गुडघे दुखतात. दारूच्या दुकानापर्यंत मात्र तास-दीड तास चालवतं. तावेत्ती काय म्हणतोय?"

"काही म्हणाला नाही."

"न बोलणाऱ्याचीच जास्त भीती बघ. माझा मेलेला नवरा निदान ओरडायचा तरी, आधी कळायचं." तिने आवाज खाली आणला. "मी पण जाणारेय. समोरच्या फुटपाथवर उभी राहणार, वही घेऊन. बेटावरच्या एकेकाचं नाव लिहून काढणार. तू चल. झेंडा दरवर्षी तूच धरतेस."

"बघते," साइमी म्हणाली.

हुल्दाबाई गेली तरी साइमी थोडा वेळ तशीच उभी राहिली. उद्या मंगळवार, पाच एप्रिल. सकाळी दहा वाजता देशभरातली सरकारी दारूची दुकानं उघडणार होती. डिसेंबरात सगळ्या देशाला विचारलं, दारूबंदीचा कायदा ठेवायचा की काढायचा, आणि देशाने सांगितलं, काढा. बेटावरच्या शाळेत जाऊन साइमीनेही चिठ्ठी टाकली होती, ठेवा म्हणून. तिची चिठ्ठी कुठल्या कुठे वाहून गेली.

कायदा आला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. एकोणीस सालचा एक जून. कोत्का शहराच्या रस्त्यांतून बायकांची मिरवणूक निघाली होती आणि लेप्पासारीचा झेंडा तिच्या हातात होता. त्याच्या आधीची वर्षं कशी गेली, हे ती कुणाला सांगत नसे. तेव्हा राज्य झारचं होतं आणि त्याने लढाईपायी दारूविक्री बंद केली होती, पण तावेत्तीला त्याने काही फरक पडला नव्हता. तो जंगलात गाळलेली प्यायचा, ती मिळाली नाही तर लाकडाला लावायचं पॉलिश गाळून प्यायचा, आणि मग घरी यायचा.

त्या मे महिन्यात एके दिवशी त्यांची सात वर्षांची मुलगी आउने सापडेना. सगळं बेट शोधून झालं. विहिरीत गळ टाकून पाहिले. ती सापडली हेरिंगच्या रिकाम्या पिंपात. आतून झाकण ओढून घेऊन, गुडघे पोटाशी धरून, निळी पडून बसली होती. बापाची पावलं ऐकून लपली होती आणि सापडल्यावरही बाहेर यायला तयार नव्हती. "आधी बाबांना बेटावरून जाऊ दे," एवढंच म्हणत होती. तावेत्ती तिथेच उभा होता. त्याने ऐकलं. तो होडीत बसला आणि समोरच्या खडकावर जाऊन थांबला, पोरीला घरात नेईपर्यंत.

पुढे कायदा आला आणि तावेत्ती प्यायचा थांबला. साइमीने हात जोडून देवाचे आभार मानले आणि त्याच्या खालोखाल सरकारचे. आउने आता कोत्कात लाकूड गिरणीतल्या कामगाराशी लग्न करून राहत होती. नाताळला बेटावर यायची, जेवायची, आणि उजेड असतानाच परत जायची.

आणि आता तो कायदाच जाणार होता. भिंत पाडणार आणि भिंतीपलीकडचं जनावर तसंच उभं असणार, असं साइमीला तीन महिने वाटत होतं.

मासे धुरावण्याची जुनी खोपी बेटाच्या उत्तर टोकाला होती, भूर्जाच्या झाडांमागे. उन्हाळा संपला की तिकडे कुणी फिरकत नसे. कुऱ्हाड लपवायला त्याहून बरी जागा नव्हती. पण भूर्ज ओलांडल्यावर साइमीचे पाय थांबले.

खोपीच्या दारापर्यंत पायवाट पडलेली होती. एकदोनदा चालून पडते तशी नव्हे. बर्फ तुडवून तुडवून कडक झाला होता, कडेने काळपट पडला होता. अख्खा हिवाळाभर कुणीतरी रोज इथे येत होतं. ताज्या ठशांत डाव्या टाचेचा तिरका खिळा उमटला होता. ते बूट रोज संध्याकाळी तीच चुलीपाशी वाळत घालत होती.

तिने दार ढकललं. आत जुन्या धुराचा आणि माशांचा वास. चुलीच्या दगडांमागे गोणपाट होतं. गोणपाटाखाली पत्र्याचा चौकोनी डबा. असे दहा-दहा लिटरचे डबे तिने पाहिले होते, सगळ्या किनाऱ्याने पाहिले होते. समुद्रापलीकडच्या एस्टोनियाकडून चोरटं स्पिरिट यायचं ते ह्याच डब्यांतून. जकातवाले मागे लागले की ते आणणारी पोरं डबे समुद्रात सोडून द्यायची.

तिने डबा उचलून पाहिला. तो काठोकाठ भरलेला होता.

साइमी मटकन खाली बसली. म्हणजे उद्याची वाट पाहायचीही त्याला गरज नव्हती. म्हणजे हे सगळं आधीपासून चालू होतं, आणि ती मूर्खासारखी झेंडा धरून उभी होती. समुद्रावर कुठेतरी बर्फ करकरला तर ती दचकून दाराकडे वळली.

नंतर तिने जे केलं ते विचार करून केलं नाही. डबा बाहेर ओढला. तोंडाला शिशाचं सील होतं, त्याखालचं झाकण गंजून पत्र्याशी एकजीव झालं होतं, हाताने निघेना. मग तिने कुऱ्हाड उगारली आणि डब्याला भोक पाडलं. उग्र वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डबा आडवा करून ती ओतत राहिली. गटगट आवाज संपता संपेना. हा आवाज घरापर्यंत जाईल, बर्फावरून पार तावेत्तीच्या जाळ्यांपर्यंत जाईल, असं तिला वाटत होतं. बर्फात खड्डे पडत गेले. सगळं संपल्यावर तिने त्यावर पायाने बर्फ लोटला, रिकामा डबा होता तिथे ठेवला, भोक भिंतीकडे केलं, वरून गोणपाट पांघरलं आणि कुऱ्हाड तशीच हातात घेऊन घराकडे धावत सुटली.

तावेत्ती दुपारी तीनच्या सुमारास आला. बर्फाला भोकं पाडून खाली लावलेली जाळी त्याने काढली होती, खांद्यावर माशांची टोपली होती. एरवी साइमी त्याची वाट बघत चुलीपाशी असे, म्हणून तो घरात शिरण्याआधी कुठे जातो हे तिला ठाऊकच नव्हतं. आज ती मागच्या खिडकीशी उभी होती. त्याने टोपली पायरीवर ठेवली आणि तो भूर्जांकडे वळला.

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, पण बटाटे उकळून फुटले तरी तो आला नाही. तिने भांडं उतरवलं. खिट्टीला हात लावून पाहिला, सैल होती. पुन्हा पाहिला.

दार उघडलं. तावेत्ती उंबऱ्यातच उभा राहिला. उंच, किंचित वाकलेला माणूस. टोपी काढायची विसरला होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"डबा," तो म्हणाला.

साइमीची पाठ खिडकीला लागली.

"साइमी, तो डबा. तू ओतलास?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. "हो. मीच."

"तूच? नक्की?"

"मीच ओतला. सगळाच्या सगळा. कुऱ्हाडीनं भोक पाडून." तिचा हात मागे खिट्टीवर होता. आता येईल, तिने मनात म्हटलं. आता.

तावेत्ती पुढे आला नाही. दाराशेजारच्या बाकावर बसला, आणि त्याच्या छातीतून असा श्वास सुटला की जणू कुणी त्याला पाण्यातून वर ओढलं होतं.

"मग बरं," तो म्हणाला. "मग बरं झालं."

साइमीला काही उमगेना.

"मला वाटलं मी प्यायलो." तो मांड्यांवर ठेवलेल्या आपल्या हातांकडेच बघत होता. "उचलला, तर हलका. म्हटलं, कधी प्यायलो मी? काल? परवा? आठवेना. तिथंच बसलो. तळहातावर फुंकर मारून वास घेऊन बघत होतो. भोक दिसलंच नाही मला. सगळ्या खोपीला वास येत होता, म्हटलं माझ्याच तोंडाला येतोय."

चुलीत लाकूड फुटलं. साइमी दचकली. तोही दचकला.

"कुठून आणलास?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"एकवीस सालच्या शरदात. जाळ्यात आला."

"साडेदहा वर्षं? आणि सील तसंच?"

"पिण्यासाठीच आणला होता. खोटं कशाला बोलू?" त्याने आता टोपी काढली, हातात गोल फिरवत राहिला. "खोपीत ठेवला. म्हटलं, उद्या पिऊ. दुसऱ्या दिवशी गेलो, उचलला, पुन्हा म्हटलं, उद्या. मग तसंच पडलं. रोज जायचो. उचलून बघायचो. जड लागला की कळायचं, काल प्यायलो नाही. मग घरी यायचो."

"रोज?"

"तुझ्या आईच्या मयताच्या दिवशी पण."

साइमी खिडकीपासून हलली नाही, पण खिट्टीवरचा हात खाली आला. "आणि मी समजत होते, कायद्यानं सोडवली. दरवर्षी झेंडा धरून मी..."

"कायदा एक जूनला आला," तावेत्ती म्हणाला. "मी सोळा मेला सोडली."

सोळा मे. तिने तारीख कधी लक्षात ठेवली नव्हती. तिला फक्त पिंप आठवत होतं, आणि समोरच्या खडकावर बसलेला माणूस, जो अंधार पडेपर्यंत परत आला नव्हता.

"ह्या बेटावर तेरा वर्षांत दारू मिळत नव्हती असा एक दिवस सांग," तो म्हणाला. "तुझ्या हुल्दाबाईच्या भावाकडे बटाट्याच्या खड्ड्यात बटाटे कमी आणि डबे जास्त. मला वाटलं तुला ठाऊक असेल. सगळ्यांना ठाऊक होतं."

तिला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. तिने बटाट्यांच्या भांड्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"मी त्यात पाणी भरते," ती म्हणाली. "डाग देऊन भोक बुजवू. वजन तेवढंच होईल."

तो हसल्यासारखा झाला. "मला माहीत असेल ना, पाणी आहे ते."

"मग उद्या?"

बाहेर पन्हाळीतून वितळलेल्या बर्फाचे थेंब पडत होते.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटते, साइमी."

हे वाक्य ह्या घरात आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. साइमीने हजारदा गिळलं होतं, आउनेने पिंपात बसून गिळलं होतं. ते त्याच्या तोंडून आलेलं ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला जास्तच भीती वाटली. इतकी वर्षं तिला निदान एवढं कळत होतं की भ्यायचं ते कुणाला.

ती रात्र दोघांनी एकमेकांचे श्वास ऐकत काढली.

सकाळी साइमी गाईचं दूध काढून परतली तेव्हा तावेत्ती घरात नव्हता. ती भूर्जांपर्यंत गेली. तो खोपीसमोर उभा होता. आत जात नव्हता, मागेही फिरत नव्हता. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. किनाऱ्यावरून बेटावरचे पुरुष निघाल्याचा आवाज येत होता. कुणीतरी गाणं म्हणत होतं, कुणीतरी हाक मारली, "तावेत्ती! येतोस का रे? की बायकोनं बांधून ठेवलंय?" आणि मग हशा पिकला. तावेत्तीने मान वळवून त्या आवाजाकडे पाहिलं. ज्या तऱ्हेने पाहिलं, ते बघून साइमीने दुधाची बादली तिथेच बर्फावर ठेवली.

"मी शहरात जाते," ती म्हणाली.

तो वळला. "तू?"

"हो."

"कशाला?"

तिने खोपीच्या दाराकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याला कळलं.

"बर्फ पोकळ झालाय," तो शेवटी म्हणाला. "खालून खाल्लाय पाण्यानं. एकटी जाऊ नकोस."

"मग तू पुढं चाल."

त्याने पहार घेतली, खांद्याला झोळी अडकवली आणि दोर घेतला. दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं तिच्या मनगटाला. बर्फ राखाडी झाला होता, वर घोट्याएवढं पाणी. तावेत्ती पहार आपटायचा, आवाज ऐकायचा, मग पाऊल टाकायचा. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आला की वळसा. साइमी त्याच्या पावलावर पाऊल ठेवत होती. मध्येच सगळा बर्फ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कण्हायचा. तेव्हा ते दोघं थांबायचे. पायाखाली पाणी किती खोल आहे हे दोघांनाही नीट ठाऊक होतं. उन्हाळ्यात तिथेच ते जाळी टाकायचे.

कोत्काच्या बंदरात लाकडाच्या वखारीपाशी तो थांबला. "ह्याच्या पुढं मी येत नाही," तो म्हणाला आणि ओंडक्यावर बसून शहराकडे पाठ केली.

दुकान शोधावं लागलं नाही. रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या गल्लीत गेली होती. टोप्या, कोट, गिरणीतले कामगार, दोन हॅटवाले साहेब, एक म्हातारा तर खुर्ची घेऊन आला होता. मध्ये पोलीस फिरत होता आणि त्याच्याशीही लोक मस्करी करत होते. समोरच्या फुटपाथवर चार बायका काळ्या कपड्यांत ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या मधोमध हुल्दाबाई, हातात वही, ओठांत पेन्सिल.

साइमी शाल डोक्यावर ओढून रांगेच्या शेवटी उभी राहिली. पाय ओले होते, दात वाजत होते, आणि तेवढ्यात तिच्या पुढचा माणूस वळला.

"मावशी, तुम्ही? नवऱ्याला पाठवायचं की! त्याचे पाय मोडलेत का?"

"नाही."

"मग स्वतःसाठी? शाबास! मला पण अशीच बायको बघून द्या."

रांगेतले दहा-बाराजण हसले. त्या हशाने हुल्दाबाईची मान वर झाली. साइमीने खाली पाहिलं, पण उशीर झाला होता. हुल्दाबाई रस्ता ओलांडून थेट समोर येऊन उभी राहिली.

"अगं साइमी," ती हळू आवाजात म्हणाली, "तू चुकून ह्या बाजूला उभी आहेस. झेंडा तिकडं आहे."

"चुकून नाही."

"त्यानं पाठवलं? मारून पाठवलं? मला सांग. इथं पोलीस आहे."

"त्यानं नाही पाठवलं. मी आले."

हुल्दाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं की वाऱ्याने आणलं, कोण जाणे. "तुझं नाव लिहावं लागेल मला. मंडळात वाचावं लागेल. नंतर आपल्या बायका तुझ्याकडं बघणार पण नाहीत."

साइमीला ते माहीत होतं. लेप्पासारीवर एकोणीस घरं. हिवाळ्यात बाकीच्या अठरा घरांनी तोंड फिरवलं, तर माणूस बोलणार कुणाशी? आउनेच्याही कानावर जाईल, आजच जाईल, आणि मग ती नाताळलाही येणार नाही. सगळं सांगून टाकावं, असं एकदा ओठांवर आलं. डबा, खोपी, सोळा मे. पण ते तिचं एकटीचं नव्हतं.

"लिही," ती म्हणाली. "नीट लिही."

दहाचे ठोके पडले. रांगेतून आरोळी उठली, टोप्या हवेत गेल्या. साइमीने घाबरून कानांवर हात ठेवले. रांग सरकू लागली, आणि तिचे पायही सरकले.

आत नव्या रंगाचा वास होता. काउंटरमागचा तरुण विक्रेता कडक कॉलर घालून घामाने डबडबला होता. त्याच्या मागे फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, उजेडात चमकणाऱ्या. साइमीने आयुष्यात इतकी दारू एका जागी पाहिली नव्हती. पळून जावं असं वाटलं, पण मागे माणसांची भिंत होती.

"बोला, मावशी. कुठली देऊ?"

तिला एकही नाव माहीत नव्हतं.

"सगळ्यात जड कुठली आहे?"

"कडक म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. जड. वजनाला."

विक्रेत्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या माणसाकडे पाहिलं, कुणी थट्टा तर करत नाही ना म्हणून. मागून कुणीतरी फिसकन हसलं. पण त्या बाईचा चेहरा बघून विक्रेता हसला नाही. तो वळला, वेगवेगळ्या दोन-तीन बाटल्या हातात घेऊन खरोखरच तोलून पाहिल्या, आणि खालच्या फळीवरून जाड काचेची, बुचावर लाखेचं सील असलेली एक मोठी बाटली काढून कागदात गुंडाळली.

"ही," तो म्हणाला. "हिच्याहून जड नाही आमच्याकडे."

तिने ती शालीखाली घेतली. थंड काच फासळ्यांना लागली. बाहेर पडताना समोरच्या फुटपाथकडे तिने पाहिलं नाही.

तावेत्ती ओंडक्यावर तसाच बसला होता, शहराकडे पाठ करून. मागून येणारी पावलं ऐकून तो उठला. तिच्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं नाही. वाकून त्याने तिच्या मनगटाला दोर बांधला आणि पहार उचलली.

बेट आणि शहर सारखंच लांब दिसू लागलं तिथे तो थांबला. मागे शहरात घंटा वाजत होती, की लोक गात होते, इतक्या लांबून कळत नव्हतं. चहूकडे ओला राखाडी बर्फ, आणि दोघांखेरीज कुणी नाही.

"जड आहे?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"आहे."

"दे. मी घेतो."

साइमीने शालीखाली बाटली घट्ट धरली. इथवर तिने हा विचारच केला नव्हता. घरी नेऊन ती स्वतः ठेवेल, स्वतःच्या हाताने, असं काहीसं डोक्यात होतं. तो वळून उभा होता, हात पुढे करून. तिने त्या हाताकडे पाहिलं. ह्याच हाताच्या भीतीने पोर पिंपात शिरली होती.

तिने बाटली काढून त्याला दिली.

तावेत्तीने ती दोन्ही हातांत घेतली, छातीपर्यंत उचलली, खाली केली, पुन्हा उचलली. मग झोळीत ठेवून झोळीचं तोंड बांधलं.

"उद्या सकाळी मला विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"जड आहे का, एवढंच. मी एकटाच बघत होतो ना आजवर."

त्याने पहार आपटली आणि कान दिला. आवाज बद्दही नव्हता, खणखणीतही नव्हता. तो जरा घुटमळला, मग त्याने पाऊल टाकलं. साइमीने दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि त्याचं पाऊल उचललं जायची वाट पाहत उभी राहिली.